तळ्याकाठचा अश्वजित

तृप्तीला बंदूक चालवायला कधीच आवडलं नाही. गेम पहिल्यांदा सुरू केला तेव्हा पडद्यावर जळतं गाव होतं, तिच्या हातात बंदूक होती आणि एक म्हातारा सरदार डोंगरापलीकडच्या टोळीचा सूड घ्यायला सांगत होता. तिनं त्याचं बोलणं पुरतं ऐकून घेतलं, बंदूक पाठीला अडकवली, घोड्यावर बसली आणि डोंगराकडे पाठ करून निघाली.

"अव, मिशन तिकडं आहे," शेजारी बसलेला अश्वजित म्हणाला.

"माहीत आहे. पण इकडं काय आहे ते तर पाहू दे."

इकडं एक नदी होती, नदीपल्याड बाजाराचं गाव, आणि त्याच्याही पलीकडे झाडांनी वेढलेलं एक मोठं तळं. तळं पाहून तृप्ती हरखलीच. थेट आपल्या शिवनीबांध तलावासारखं, ती म्हणाली, फक्त बगळे जरा जास्त पांढरे. त्या दिवसापासून सरदाराचा सूड राहिला तो राहिलाच. गेमची मुख्य कथा शेकडा बारावर अडकली आणि तृप्ती बाकीच्या शंभर उद्योगांत रमली. ती मासे पकडायची. जंगलातून औषधी पानं गोळा करून वैद्याला नेऊन द्यायची. रानटी घोडी गूळ चारून माणसाळवायची. या गावाची चिठ्ठी त्या गावाला पोचवण्याचं एक बारीकसं काम होतं, त्यातून फार काही मिळत नसे; पण दार ठोठावलं की आतली बाई हसून "देवासारखी आलीस" म्हणायची, म्हणून तृप्ती त्यासाठी अर्धा नकाशा पालथा घालायची.

अश्वजितचं उलट. तो आला की गोळीबार. समोरच्याचं बोलणं तो बटण दाबून पुढं ढकलायचा, कुणी काय सांगितलं ते नंतर तृप्तीला विचारायचा. मासा गळाला लागायला दोन मिनिटं लागली तर तो तळ्यात सुरुंग फेकायचा. त्यावरून दोघं खूप हसायची. लग्नाचं पहिलं वर्ष होतं, चाकणला एकच खोली होती, आणि कारखान्यातून अश्वजित परतला की दोघं पलंगावर मांडी घालून एकच रिमोट आळीपाळीनं घ्यायची.

मग गावी, भंडारा जिल्ह्यातल्या सानगडीला, सासूबाईंच्या, धुरपताबाईंच्या, गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तृप्ती दोन महिन्यांसाठी म्हणून आली. तिचं शिक्षण लॅब टेक्निशियनचं. रिकामं बसवेना म्हणून जवळच्या साकोलीच्या एका डॉक्टरांच्या लॅबमध्ये तिनं काम धरलं, आणि दोन महिन्यांचे दहा झाले. सासूबाई काठीशिवाय चालायला लागल्या तरी जाण्याचा विषय कुणी नेटानं काढला नाही. अश्वजितनं चाकणची खोली सोडली, कारखान्यातल्याच दोघांबरोबर राहायला गेला. त्यातला एक इश्वर, भंडाऱ्याकडचाच, तुमसरजवळच्या बपेऱ्याचा. त्याच्याकडे गेमचं स्वतःचं मशीन होतं. म्हणून खोली सोडताना अश्वजितनं आपलं मशीन सानगडीला तृप्तीकडे आणून दिलं होतं. "मी इश्वरच्या मशीनवरून, माझ्याच नावानं येत जाईन. रोज आठ वाजता. तळ्यावर भेटू," तो म्हणाला होता.

आणि तो यायचा. सानगडीतल्या घरी समोरच्या खोलीत टीव्ही होता. रात्रीचा स्वयंपाक आटोपून तृप्ती आठला बसायची. सासरे यादोराव, आयुष्यभर पोस्टमन राहिलेला माणूस, कधी खुर्ची ओढून पाहत बसायचे आणि विचारायचे, "आज कोणाची चिठ्ठी नेऊन राहिली व?" तृप्ती पत्ता सांगायची. "एवढ्या दूर? अन् सायकल पण नाही?" म्हणून ते हळहळायचे.

सुरुवातीचे तीन-चार आठवडे अश्वजित माईकवरून बोलायचा, तिच्या कानात हसायचा, सुरुंग फेकायचा. मग एक दिवस म्हणाला, रूमवर सगळे ऐकत बसतात, टाइप करत जाऊ. तृप्तीनं मोबाईलवर गेमचं अॅप जोडून घेतलं. तेव्हापासून दोघांचं बोलणं इंग्रजी अक्षरांतल्या मराठीत, पडद्याच्या कोपऱ्यात उमटायला लागलं.

तेव्हापासूनच अश्वजित बदलला.

आधी तृप्तीला ते खरंही वाटेना. तो तळ्याकाठी यायचा, घोड्यावरून उतरायचा आणि तिच्यासमोर टोपी काढून उभा राहायचा. गेममध्ये तसं बटण होतं, पण चाकणला असताना त्यानं ते एकदाही दाबलं नव्हतं. तो गळ टाकून पंधरा-पंधरा मिनिटं गप्प बसायचा. लहान मासा लागला की परत पाण्यात सोडायचा. तिनं हजार वेळा सांगितलेलं पानांचं काम तो आपणहून करून ठेवायचा. ती आली की पिशवीत सगळी पानं तयार. दर शनिवारी गेममध्ये जत्रा भरायची, कुठकुठचे खेळणारे यायचे आणि बग्ग्यांची शर्यत व्हायची. दोघांनी मिळून एक बग्गी बांधली होती, निळ्या रंगाची. कुणा अनोळखी खेळाडूनं शर्यतीआधीच ती पेटवून दिली. तृप्तीला वाटलं, आता अश्वजित त्या माणसाला अख्ख्या नकाशाभर पळवणार. त्यानं लिहिलं, "जाऊ दे. लेकरू असंन कोणाचं. दुसरी बनवू."

तृप्तीनं ते वाक्य पुन्हा वाचलं. दूर राहून माणूस शहाणा होतो, असं तिनं ऐकलं होतं. आता डोळ्यांनी दिसत होतं. धाकट्या बहिणीला, भावनाला, तिनं फोनवर सांगितलंही, "लग्न झालं तेव्हापेक्षा आता जास्त आवडते तो मले. हसू नको."

आणखी एक गोष्ट होती. चाकणला राहून अश्वजितच्या तोंडात 'मला', 'तुला', 'कशाला' बसायला लागलं होतं. दुपारच्या सुट्टीत तो फोन करायचा तेव्हा तसंच बोलायचा, घाईत, मागे कँटीनचा गलका. तृप्तीनं काही सांगायला घेतलं की म्हणायचा, "संध्याकाळी गेममध्ये बोलू ना." आणि संध्याकाळी गेममध्ये तो 'मले', 'तुले', 'काहून' लिहायचा. "जेवली का?" ही त्याची पहिली ओळ. तृप्तीला वाटायचं, दिवसभर बाहेरच्या लोकांत बोलून दमलेला माणूस आपल्यापाशी येऊन बूट काढून बसला आहे.

दोघांनी तळ्याकाठी घर बांधलं. सहा आठवडे लागले. लाकूड तोडायचं, वाहून आणायचं, खिळ्यांसाठी लोहाराची कामं करायची. अश्वजितनं समोर ओसरी काढली आणि ओसरीला दोन बाकडी ठेवली. "अंगणाले तोंड करून पाहिजे," त्यानं लिहिलं. "माणूस आलेला दिसला पाहिजे."

जुलैत लॅबच्या डॉक्टरांनी तृप्तीला बोलावून घेतलं. सानगडीत रक्त-लघवीचे नमुने घ्यायचं केंद्र उघडायचं त्यांच्या मनात होतं. आजूबाजूच्या दहा-बारा गावांची माणसं साकोलीच्या खेपा करून थकत. केंद्र तू सांभाळ, ते म्हणाले, पण तीन वर्षं सोडून जाणार नाही असं लिहून द्यावं लागेल. आठ दिवसांत सांग.

तृप्तीला ते काम हवं होतं, आणि ते हवं आहे असं नवऱ्याला सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. हवं म्हणणं म्हणजे चाकणला येत नाही म्हणणं. फोनवर तिनं दोनदा सुरुवात केली, दोनदा त्याची सुट्टी संपली. शेवटी त्या संध्याकाळी तळ्याकाठच्या बाकड्यावर बसून तिनं लिहायला घेतलं. समोरासमोर जे बोलता आलं नसतं ते सगळं लिहिलं. की चाकणच्या खोलीत दिवसभर एकटीनं तिचा जीव घुसमटायचा. की इथं म्हातारी माणसं सुई टोचताना तिचा हात धरतात आणि ते तिला आवडतं. की तुझ्याविना राहायचं नाही, पण तिथंही राहायचं नाही, आणि हे कुणाला सांगू.

पलीकडून आलं, "घे ते काम. सोडू नको."

"अन् तू?"

"मीच परत येतो. इथं कोणाचा जीव लागते? साकोली-भंडाऱ्याकडं पाहतो काही. वर्षभर दे." आणि थोड्या वेळानं, "रोवणा चालू असंन न आता? बांधीच्या चिखलात उभं राहाले कधी भेटंन कोण जाणे."

"आपला आजच आटपला," तृप्तीनं लिहिलं. तिचे डोळे भरून आले होते. अश्वजितनं धानाच्या रोवण्याबद्दल, लावणीबद्दल आजवर कधी विचारलं नव्हतं. पुढं तिनं लिहिलं, "हे फोनवर नको बोलू. आई बाजूलेच राहते. मीच सांगीन त्यायले."

"बरं," तो म्हणाला.

तिनं तीन वर्षांच्या कागदावर सही केली. सासू-सासऱ्यांना सांगितलं की हे परत येणार आहेत, वर्षभरात; पण रूमवर सगळे ऐकतात, म्हणून फोनवर तो विषय काढू नका. धुरपताबाईंनी ते ऐकून गुडघ्याचं दुखणं विसरून अख्ख्या मोहल्ल्याला सांगितलं. ऑगस्टमध्ये केंद्राची पाटी लागली, पाटीवर तृप्तीचं नाव लागलं. फोनवर तिनं कळवलं तेव्हा अश्वजित "छान, छान, मन रमेल तुझं," म्हणाला. बाकी तो काही बोलला नाही, आणि बोलू नको असं आपणच सांगितलंय म्हणून तृप्तीला त्या गप्प राहण्याचंही कौतुक वाटलं.

दसऱ्याच्या पाच दिवस आधी, शनिवारी दुपारी, अश्वजित अचानक दारात उभा राहिला. सुट्टी ऐनवेळी मंजूर झाली, कारखान्यातून तसाच ट्रॅव्हल्समध्ये बसलो, साकोलीले उतरलो, म्हणाला. कुणालाच कळवलं नव्हतं. तृप्ती केंद्र बंद करून धावत आली. सासूबाई त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाल्या, "आता असाच येशीन कायमचा." तो हसला, म्हणाला, "पाहू ना आई." जेवून जो झोपला तो अंधार पडल्यावर उठला.

यादोराव दीक्षाभूमीला जाणाऱ्या गाडीचं ठरवायला विहारात गेले होते. सासूबाई आत भाकरी थापत होत्या. अश्वजित न्हाणीत आंघोळीला शिरला. आठ वाजत आले होते, आणि तृप्तीनं सवयीनं टीव्ही लावला. तिला त्याला घर दाखवायचं होतं. म्हणजे त्यानंही ते बांधलं होतंच, पण दोघांनी शेजारी बसून ते कधी पाहिलं नव्हतं. ओसरी, बाकडी, परवाच लावलेलं कुंपण.

पडद्यावर तळं उजळलं. कोपऱ्यात नेहमीची ओळ उमटली: अश्वजित सोबत आला आहे.

तृप्तीला वाटलं, मशीन बिघडलं. तेवढ्यात झाडांतून घोडा आला. अश्वजित उतरला, तिच्यासमोर आला आणि टोपी काढून उभा राहिला.

"जेवली का?"

न्हाणीत तांब्या बादलीवर आपटला. आतून आवाज आला, "तृप्ती! टॉवेल राहिला व, दे बरं!"

ती उठली. दोरीवरचा टॉवेल काढला, न्हाणीच्या दारावर टाकला. ओला हात आला आणि टॉवेल आत गेला. ती परत येऊन खुर्चीवर बसली. पडद्यावरचा माणूस तसाच उभा होता.

तिनं मोबाईल उचलला. "कोण आहे तू?"

"काहून असं विचारते?"

"अश्वजित इथं घरी आहे. आंघोळ करून राहिला."

पडद्यावर काहीच हललं नाही. तळ्यावरचे बगळे तेवढे उडाले, ते दर दहा मिनिटांनी तसेच उडत. मग कोपऱ्यात एक ओळ आली.

"वहिनी, माफ करा."

आणि तो नाहीसा झाला.

त्या एका 'वहिनी'नं तो एकदम परका झाला. त्याच्या आधी सहा महिने ती 'तू' होती. सहा महिने तिनं या माणसाला काय काय सांगितलं होतं, ते सगळं एकदम तिला आठवलं. रागावून लिहिलेलं. लाडात येऊन लिहिलेलं. एकदा पावसात, घरात कुणी नसताना, नवऱ्यालाच लिहावं असं काहीबाही लिहिलेलं. त्या दिवशी पलीकडून नुसतं "झोप आता, सकाळी ड्युटी आहे तुले" आलं होतं, आणि तिला वाटलं होतं, किती लाजतो हा.

अश्वजित केस पुसत बाहेर आला. त्यानं टीव्हीकडे पाहिलं.

"बापा! एवढं मोठं घर तूनं केव्हा बांधलं?"

तृप्तीनं त्याच्याकडे पाहिलं. "कोण आहे तो?"

त्यानं लगेच ओळखलं. खोटं बोलायला त्याला वेळ लागला, आणि तेवढ्यात तिला सगळं दिसलं. तो पलंगाच्या कडेवर बसला.

"इश्वर," तो म्हणाला.

"केव्हापासून?"

"तसं नाही... एक दिवस मले उशीर झाला. तू वाट पाहत असशीन म्हणून त्याले म्हटलं, दहा मिनटं बस. मग ओव्हरटाइम लागला. मग..." त्यानं टॉवेल मांडीवर ठेवला. "त्याले आवडते तसलं. मासे पकडणं, पानं तोडणं. मले नाही जमत ते, तुले माहीत आहे. अन् तू खुश होती. तूच फोनवर म्हणे, काल किती मजा आली. मी म्हटलं, चाललं तर चालू दे."

"अन् तू कुठं राहे तेव्हा?"

अश्वजित टॉवेलची घडी घालायला लागला.

"मी विचारून राहिली, तू कुठं राहे?"

"कधी ड्युटीवर. कधी बाहेर, पोराईसोबत." मग अगदी हळू, "कधी तिथंच राहो. बाजूच्या गादीवर. मोबाईल पाहत."

तृप्तीला वाटलं होतं, याहून वाईट काही निघेल. एखादी बाई निघेल, दारू निघेल. तसं काही असतं तर तिनं भांडी फेकली असती. तो बाजूच्या गादीवर होता. ती इकडं आपला जीव काढून पाठवत होती, आणि तिचा नवरा हात लांबवला तर वाचता येईल एवढ्या अंतरावर पडून मोबाईल पाहत होता.

"तूनं एकदा पण नाही वाचलं? मी काय लिहिते ते?"

"खेळातलं काय वाचू? घोडा, मासे... मले वाटलं, तेच चालते."

"परत येतो म्हणला, ते?"

"कोण परत येतो?"

तिनं मोबाईल त्याच्यापुढं धरला. जुलैतली ती संध्याकाळ अंगठ्यानं वर सरकवत त्याला दाखवली. अश्वजित वाचत गेला. वाचता वाचता त्याचा चेहरा तांबडा झाला. शेवटी तो म्हणाला, "हे तर त्याचं आहे. तो रोज हेच म्हणते, बपेऱ्याले जातो, बपेऱ्याले जातो. मी कायले येऊ परत? तृप्ती, मी तर तिकडं दोन रूमचं घर पाहून आलो. नोव्हेंबरपासून मिळते. तेच सांगाले आलो होतो."

"माझं तीन वर्षाचं लिहून देणं झालं."

"मले काय माहीत? तू सांगतलं नाही."

"सांगतलं!" तृप्ती ओरडली. आतला भाकरी थापण्याचा आवाज थांबला. तिनं आवाज खाली आणला. "तुलेच सांगतलं मी. तुलेच विचारलं."

रात्रीचं जेवण कुणी नीट जेवलं नाही. सकाळी अश्वजित तिच्या मागोमाग विहिरीपर्यंत आला. त्यानं रात्रभर विचार केला होता, ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. तो म्हणाला, "चूक झाली माझी. पण आईबाबाले इश्वरचं नको सांगू. लोक काय म्हणतीन? परक्या माणसाशी बोलत बसली, असंच म्हणतीन ना, नाव तुझंच खराब होईन. तू असं सांग, की तुझी समजण्यात गलती झाली. मी येतो असं कधी म्हटलंच नव्हतं."

तृप्तीनं बादली खाली ठेवली. कालपासून तिच्या मनात कुठंतरी एक जागा होती, जिथं तो आळशी होता, बेफिकीर होता, मूर्ख होता, पण तिचा होता. आता त्यानं आपल्या हातानं तीही जागा मोकळी केली.

"माझी गलती?" ती म्हणाली.

"म्हणाले फक्त."

ती घरात गेली. यादोराव चहा पीत होते, धुरपताबाई त्यांच्यासमोर बसून मुलाच्या नोकरीचंच बोलत होत्या, लाखनीला म्हणे एक कारखाना निघतो आहे. तृप्तीनं डोक्यावर पदर घेतला नाही, बसलीही नाही. उभ्या उभ्या सगळं सांगितलं. गेममध्ये हे नव्हते, यांचा मित्र होता. परत येतो हे त्यानं लिहिलं. यांना माहीतच नव्हतं. हे तिकडं घर घेऊन राहिले. आणि आता मला सांगतात, गलती माझी झाली असं म्हण.

यादोरावांनी कप बशीत ठेवला. दारात अश्वजित उभा होता.

"पोरगी खरं बोलून राहिली का?"

"बाबा, तो खेळ होता फक्त..."

"मी चाळीस वर्षं चिठ्ठ्या वाटल्या," यादोराव म्हणाले. त्यांचा आवाज चढला नव्हता. "एकाची चिठ्ठी दुसऱ्याच्या हाती दिली असती, तर नोकरी गेली असती माझी. तुले खेळ वाटते?"

धुरपताबाई रडायला लागल्या. त्या कशासाठी रडत होत्या, ते तृप्तीला नक्की कळलं नाही. मुलगा येणार नाही म्हणून असेल. नंतर स्वयंपाकघरात त्या एवढंच म्हणाल्या, "तू तरी एवढं कायले लिहत बसली माय, मोबाईलवर? माणसानं समोर बोलावं." तृप्ती तशीच उठून केंद्राकडे निघाली.

दुपारी इश्वरचा फोन आला. नंबर अनोळखी होता. आवाज जाडसर, घाबरलेला. या आवाजाचा माणूस तिला बाजारात भेटला असता तर तिनं ओळखलंही नसतं.

"वहिनी, अश्वजितनं दिला नंबर. मले सांगाचं होतं, मी कोणाले काही नाही सांगतलं. त्याले पण नाही. खूप वेळा वाटलं, सांगून टाकावं. मग वाटे, सांगतलं तर हे सारं बंद होईन. तिथं रूमवर मले कोणी बोलाले नाही. आठ वाजले की..."

"मी तुझ्याविषयी नाही विचारलं," तृप्ती म्हणाली. "काम घे, सोडू नको. हे तूनं कायले लिहिलं?"

"मले खरंच तसं वाटलं. तुमच्या जागी माझी बहीण असती तरी हेच म्हटलं असतं."

"तुझं मत मी मागितलं होतं का? मी माझ्या नवऱ्याले विचारत होती."

"नाही. हो."

"बरं बोलला तू. सारं बरंच बोलला. तेच तर वाईट झालं." एवढं बोलून तिनं फोन ठेवला आणि तो नंबर ब्लॉक करून टाकला. मग केंद्राच्या मागच्या खोलीत, नमुन्यांच्या डब्यांमध्ये उभी राहून ती पहिल्यांदा रडली. रडताना तिला कळेना, ती कुणासाठी रडते आहे. जो नवरा होता त्यानं कधी काही लिहिलं नव्हतं. ज्यानं लिहिलं तो कुणीच नव्हता. आणि तिसरा, टोपी काढून उभा राहणारा, तो तर नव्हताच. त्याच्यावर तिनं सहा महिने जीव लावला होता आणि त्याचं सुतकही धरता येत नव्हतं.

दसऱ्याला सगळे नागपूरला जाऊन आले. गर्दीत अश्वजितनं तिचा हात धरला, तिनं सोडवून घेतला नाही, धरलाही नाही. निघायच्या दिवशी तो म्हणाला, घर नको म्हणून कळवतो, तू तुझं काम कर, मी महिन्यातून एकदा येत जाईन. आणि म्हणाला, "पाहिजे तर रोज मीच खेळीन. शपथ." तृप्ती म्हणाली, "नको." मशीन तिनं डब्यात भरून त्याच्याच बॅगेजवळ ठेवलं होतं. त्यानं ते उचललं.

तो महिन्यातून एकदा येऊ लागला. नोव्हेंबरात आला, धान कापणीच्या वेळी, आणि दोन दिवस वडिलांबरोबर बांधीत राबला. अंगाला सवय नव्हती, तळहात सोलून निघाले. इश्वरनं रूम सोडली होती, कुठं गेला ते अश्वजितनं सांगितलं नाही आणि तृप्तीनं विचारलं नाही. केंद्र चांगलं चाललं होतं. सकाळी सातलाच दहा माणसं उपाशीपोटी ओट्यावर बसलेली असत. सुई टोचताना म्हाताऱ्या तिचा हात धरत, आणि ते तिला अजूनही आवडत असे. काम घे म्हणणारा चुकला नव्हता, हे तिला कबूल करावं लागे, आणि दर वेळी त्याचा नव्यानं राग येई.

डिसेंबरात तिच्या वाढदिवसाला सकाळी केंद्रात मोबाईल वाजला. अश्वजितचा लांबलचक संदेश होता. चांगला लिहिला होता. लग्नाआधी भंडाऱ्याहून कारध्यापर्यंत दोघं चालत गेली होती, वैनगंगेच्या पुलावर थांबून तिनं चप्पल हातात घेतली होती, ते सगळं त्यात होतं. मी तुला गमावलं हे मला उशिरा कळलं, असं होतं. तुझ्याजवळ यायला मी काहीही करीन, असं होतं.

तृप्तीनं तो तीनदा वाचला. पुलाचं त्याच्याशिवाय कुणाला माहीत होतं? मग तिला वाटलं, त्यानं कुणाला सांगून हे लिहवून घेतलं असेल तर?

तिनं व्हिडिओ कॉल लावला. तो लगेच दिसला, कारखान्याच्या गेटजवळ, डोक्यावर हेल्मेट, मागे ट्रक.

"मिळाला का?" तो म्हणाला. "हॅपी बर्थडे."

"वाचून दाखव," तृप्ती म्हणाली.

"काय?"

"जे पाठवलं ते. मोठ्यानं वाच. इथं, माझ्याकडं पाहून."

"इथं? सारे लोक आहेत इथं."

तिनं फोन तसाच समोर धरला. अश्वजितनं आजूबाजूला पाहिलं, हेल्मेट काढून काखेत धरलं आणि वाचायला सुरुवात केली. एका हातातल्या फोनवर तिचा चेहरा आणि त्याचेच शब्द त्याला आळीपाळीनं शोधावे लागत होते. पुलापाशी आल्यावर तो अडखळला. 'गमावलं' हा शब्द त्यानं दोनदा चुकवला. ओट्यावरून कुणीतरी हाक दिली, "बाई, किती वेळ आहे?" तृप्तीनं हातानं थांबा म्हटलं आणि तो शेवटच्या ओळीपर्यंत पोचेतो त्याच्या तोंडाकडे पाहत राहिली.